मुंबईत स्वतःच्या भूखंडावर इमारत बांधताना : महापालिकेची परवानगी मिळवण्याचा क्रम

मुंबईत वडिलोपार्जित जागेवर किंवा जुन्या बंगल्याच्या ठिकाणी नवी इमारत बांधायचे ठरले की बहुतेक कुटुंबे आधी वास्तुविशारद गाठतात, नकाशे काढून घेतात, किती मजले होतील याचा हिशेब मांडतात आणि त्यानंतर कागदपत्रांच्या शोधाला लागतात. हा क्रम उलटा आहे. महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात प्रकरण रेंगाळण्याची कारणे बहुधा जमिनीच्या कागदांत सापडतात : मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचेच नाव असते, पत्रकावरचे क्षेत्र प्रत्यक्ष मोजणीशी जुळत नसते, भूखंडाचा एक पट्टा रस्तारुंदीकरणात जाणार असतो, किंवा जमीन मुळात शासनाच्या भाडेपट्ट्याची निघते. नकाशातील चूक वास्तुविशारद दोन-चार दिवसांत सुधारून देतो. मालमत्ता पत्रकातील चूक सुधारायला मात्र कधी कधी वर्षही पुरत नाही. म्हणून येथे अर्ज करण्यापूर्वीच्या कामाला जाणीवपूर्वक अधिक जागा दिली आहे.

हे मार्गदर्शन खासगी मालकीच्या, मोकळ्या अथवा एखादे जुने घर असलेल्या भूखंडासाठी आहे. झोपडपट्टी पुनर्वसन, उपकरप्राप्त (म्हाडाच्या दुरुस्ती उपकराखालील जुन्या) चाळी आणि समूह पुनर्विकास यांना विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील विनियम ३३ ची वेगवेगळी पोटकलमे लागू होतात आणि त्यांत रहिवाशांची संमती व पात्रता हाच मोठा विषय असतो. तो येथे घेतलेला नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेने स्वतःच्या इमारतीचा पुनर्विकास करायचा असेल, तर संस्थेचा अंतर्गत निर्णय ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे, म्हणजे सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालील निर्देशांनुसार व्हावा लागतो. महापालिकेकडचा भाग मात्र त्यांच्यासाठीही बराचसा असाच आहे.

परवानगी कोणाकडे मागायची

बृहन्मुंबईच्या मोठ्या भागासाठी नियोजन प्राधिकरण महापालिकाच आहे, पण सगळ्या शहरासाठी नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील जमिनीचा प्रस्ताव एमएमआरडीएकडे जातो, मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील प्रस्ताव एमआयडीसीकडे, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचा झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे, आणि घाटकोपरचे पंतनगर किंवा विक्रोळीचे कन्नमवार नगर यांसारख्या म्हाडा वसाहतींतील प्रस्ताव २०१८ पासून म्हाडाच्याच बांधकाम परवानगी कक्षाकडे. आपला भूखंड अशा एखाद्या हद्दीच्या काठावर असेल, तर कोणत्या प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो हे आधी लेखी विचारून घ्यावे.

महापालिकेत परवानगी दोन कायद्यांखाली एकाच वेळी मागितली जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली विकास परवानगीचा अर्ज होतो, आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३३७ खाली इमारत बांधण्याची नोटीस दिली जाते. काय बांधता येईल, किती उंच आणि कोठे, हे विकास आराखडा २०३४ आणि त्यासोबतची नियमावली ठरवते. ती २०१८ मध्ये अमलात आली आणि तिच्यात सतत सुधारणा होत असतात. बाजारात मिळणारी नियमावलीची छापील प्रत कोणत्या सुधारणेपर्यंत अद्ययावत आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

जमिनीचे कागद

पहिला कागद मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड. मुंबई शहर जिल्ह्यात भूखंडाला सी.एस. क्रमांक असतो आणि उपनगर जिल्ह्यात सी.टी.एस. क्रमांक; उपनगरात त्यासोबत मौजे आणि तालुका, म्हणजे कुर्ला, अंधेरी किंवा बोरिवली, लिहिलेला असतो. उपनगराचा बराच भाग पूर्वी गावांचा असल्यामुळे तेथे जुना सातबारा आणि त्यावरचे फेरफारही पाहावे लागतात. पत्रक हातात आले की लोक फक्त नाव पाहतात. त्यातील चार गोष्टी ओळीने वाचाव्यात : क्षेत्र, धारणाधिकार (जमीन कोणत्या हक्काने धारण केली आहे), धारकाचे नाव आणि इतर भार.

धारकाचे नाव मृत व्यक्तीचे असेल, तर वारसनोंद आधी करून घ्यावी. परदेशी गेलेला चुलतभाऊ किंवा लग्न होऊन गेलेली आत्या यांची नावे वगळून केलेली नोंद आज सोयीची वाटते, पण पुढे त्यांच्यापैकी कोणी दावा दाखल केला तर महापालिका काम थांबवण्यास सांगू शकते. मालकीबद्दलचा वाद महापालिका सोडवत नाही. तिच्या दृष्टीने मालकी म्हणजे पत्रक आणि वकिलाचा शीर्षक दाखला (टायटल सर्टिफिकेट). तो दाखला घेताना दुय्यम निबंधकाकडील किमान ३० वर्षांचा शोध आणि वर्तमानपत्रातील जाहीर सूचना या दोन्ही गोष्टी टाळू नयेत.

धारणाधिकाराच्या रकान्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि सर्वांत महाग धडाही तोच शिकवतो. शहर जिल्ह्यात फोरस, टोका, पेन्शन अँड टॅक्स असे जुने धारणाप्रकार अजून नोंदींत दिसतात, आणि काही भूखंड थेट जिल्हाधिकाऱ्यांच्या भाडेपट्ट्याचे आहेत. जमीन शासकीय भाडेपट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता न येणारी असेल, तर पुनर्विकासापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा त्यासोबत काही रक्कम भरणे आले. शहरासाठी हे कार्यालय फोर्टमधील जुन्या कस्टम हाऊसमध्ये आहे, तर उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला. कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये निरसित झाला, तरी त्याच्या कलम २० खाली सूट दिलेल्या जमिनींच्या नोंदी आजही पत्रकावर असतात आणि त्यांचा निपटारा केल्याशिवाय प्रस्ताव पुढे सरकत नाही. अकृषिक परवानगीची स्थिती मात्र पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. मंजूर विकास आराखड्यातील जमिनीसाठी स्वतंत्र आदेशाच्या मागे लागावे लागत नाही. ठरलेली रक्कम मात्र भरावी लागते.

क्षेत्राचा प्रश्न मोजणीने सोडवावा लागतो. खरेदीखतात क्षेत्र चौरस वारांत, पत्रकावर चौरस मीटरांत आणि जागेवर कुंपणाच्या आत तिसरेच, ही मुंबईतील नेहमीची अवस्था आहे. एक चौरस वार म्हणजे सुमारे ०.८३६ चौरस मीटर. खरेदीखतातील ७८० वारांचे साधारण ६५२ चौरस मीटर होतात. पत्रकावर ६४० असतील आणि प्रत्यक्ष मोजणीत ६२५ भरले, तर हिशेबाला ६२५ च धरले जातात, कारण तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा घेण्याचा रिवाज आहे. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते तो निर्देशांक, दोनच्या आसपास असताना हे २७ चौरस मीटर म्हणजे एक लहान सदनिका. म्हणून नगर भूमापन कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी, शेजाऱ्यांना त्या दिवशी हजर राहण्यास सांगावे, आणि शेजाऱ्याची भिंत आपल्या हद्दीत आली असेल तर तो विषय नकाशे काढण्यापूर्वी मिटवावा. बांधकाम सुरू झाल्यावर शेजारी तडजोडीला तयार होत नाहीत.

विकास आराखड्याचा अभिप्राय

दुसरा महत्त्वाचा कागद डीपी रिमार्क. महापालिकेच्या संकेतस्थळावर भूखंडाचा क्रमांक देऊन आणि शुल्क भरून तो मिळतो. त्यात भूखंड कोणत्या क्षेत्रात येतो हे लिहिलेले असते : निवासी, वाणिज्य, औद्योगिक, विशेष विकास क्षेत्र, नैसर्गिक क्षेत्र, इत्यादी. त्याखाली आरक्षणे असतात. सांकेतिक क्रमांक ‘आर’ने सुरू होत असेल तर ती सुविधा प्रस्तावित आहे, ‘ई’ने सुरू होत असेल तर ती अस्तित्वात आहे. आरओएस १.४ म्हणजे क्रीडांगण, आरओएस १.५ म्हणजे उद्यान, आरई १.१ म्हणजे महापालिकेची शाळा. शेजारच्या भूखंडावरचे आरक्षण दोन मीटरने आपल्या हद्दीत शिरलेले असणे ही अपवादात्मक गोष्ट नाही, त्यामुळे सोबतचा नकाशा मोजणीच्या नकाशावर ठेवून पाहावा.

आरक्षण निघाले म्हणजे सगळे संपले असे नाही. जमीन महापालिकेला देऊन टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडावर वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेता येतो. नियमावलीच्या विनियम १७ खाली काही आरक्षणे ठरावीक भागात मालकाने स्वतः बांधून महापालिकेच्या स्वाधीन केली, तर उरलेल्या क्षमतेचा वापर करता येतो. तिसरा मार्ग नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ चा : आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. सध्याच्या आराखड्याची दहा वर्षे २०२८ मध्ये भरतात. तोवर हा मार्ग या आराखड्यातील नव्या आरक्षणांना उपयोगाचा नाही.

याच अभिप्रायात रस्त्याची मंजूर रेषाही कळते. आपल्या दारासमोरचा रस्ता आज नऊ मीटर दिसत असला, तरी नियमित रेषेनुसार तो तेरा मीटरचा असू शकतो आणि फरकाचा पट्टा भूखंडातून जातो. त्याची जागेवर आखणी संबंधित विभागाकडून करून घ्यावी लागते. हा पट्टा महापालिकेच्या स्वाधीन केला की त्याचा मोबदला एफएसआय किंवा टीडीआरच्या रूपाने मिळतो. पट्टा नुसता मोकळा सोडून भागत नाही. ताबा पावती आणि मालमत्ता पत्रकावर महापालिकेचे नाव या दोन गोष्टी झाल्यावरच मोबदला पदरात पडतो.

किती बांधता येईल याचा हिशेब

या टप्प्यावर वास्तुविशारदाला बोलवावे. हिशेब समजायला अवघड नाही. समजा, मुलुंडमध्ये १२.२० मीटर रुंद रस्त्यावर ६०० चौरस मीटरचा निवासी भूखंड आहे आणि त्याला रस्तारेषा किंवा आरक्षण लागत नाही. उपनगरात मूळ निर्देशांक १ आहे, म्हणजे ६०० चौरस मीटर हक्काचे. या रुंदीच्या रस्त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून आणखी ०.५०, म्हणजे ३०० चौरस मीटर मिळतात, आणि टीडीआर आणून ०.७०, म्हणजे ४२० चौरस मीटर. बेरीज १,३२०. त्यावर ३५ टक्के फंजिबल (निर्देशांकापलीकडे मिळणारे जादा) क्षेत्र, म्हणजे ४६२ चौरस मीटर, पुन्हा अधिमूल्य भरून. एकूण १,७८२ चौरस मीटर. शहर विभागात मूळ निर्देशांक १.३३ आहे आणि रुंद रस्त्यावर तो सर्व मिळून ३ पर्यंत जातो. उपनगरात ही कमाल मर्यादा २.५० आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर मूळ निर्देशांकावरच थांबावे लागते.

या १,७८२ पैकी फुकट मिळतात ते ६००. बाकी प्रत्येक मीटरची किंमत आहे, आणि ती त्या वर्षाच्या बाजारमूल्य दर तक्त्याशी, म्हणजे रेडी रेकनरशी बांधलेली असते. कागदावरचे १,७८२ जागेवर बसतात का, हाही प्रश्न उरतोच. इमारत जितकी उंच, तितकी बाजूची मोकळी जागा जास्त सोडावी लागते. शिवाय वाहनतळ, जिना, लिफ्ट आणि अग्निशमन वाहनाला आत येण्याची वाट. सहाशे मीटरच्या भूखंडावर पूर्ण क्षमता बसवताना मोकळ्या जागेत तूट येणे जवळजवळ ठरलेले असते. ती तूट आयुक्तांच्या अधिकारात, अधिमूल्य आकारून, माफ होऊ शकते. विकासक “सगळा एफएसआय वापरू” असे म्हणतो तेव्हा हा हिशेब त्याच्याकडून कागदावर, अधिमूल्याच्या रकमांसह मागावा. त्या कागदावर रकमा नसतील, तर त्याच्या आश्वासनाला किंमत देण्याचे कारण नाही.

माणसे आणि सह्या

प्रस्ताव मालकाला स्वतः दाखल करता येत नाही. तो नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा महापालिकेचा परवानाधारक सर्वेक्षक यांच्यामार्फत जातो. त्याशिवाय परवानाधारक संरचना अभियंता आणि कामावर देखरेख करणारा पर्यवेक्षक नेमावा लागतो. माती परीक्षण आधी करून घेतलेले बरे, कारण मुंबईत भरणीच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि पायाचा खर्च अंदाजाबाहेर जातो. वास्तुविशारद मध्येच बदलायचा झाला तर आधीच्याचे ना-हरकत पत्र मागितले जाते. म्हणून त्याच्याशी मानधनाचे टप्पे ठरवणारा लेखी करार असावा.

विकासकाला काम देणार असाल, तर तो कुलमुखत्यारपत्र मागेल. परवानगीसाठी अर्ज करणे, शुल्क भरणे, नकाशांवर सह्या करणे यांपुरते मुखत्यारपत्र देणे योग्य आहे. जमीन विकण्याचा किंवा तारण ठेवण्याचा अधिकार त्यातच घालून घेण्याचा प्रयत्न होतो; तो वकिलाकडून काढून टाकून घ्यावा. महापालिकेच्या संकेतस्थळावरील प्रकरणाचा फाइल क्रमांक स्वतःकडे ठेवावा, म्हणजे “फाइल साहेबांकडे आहे” यापलीकडचे काहीतरी स्वतः पाहता येते.

ना-हरकत प्रमाणपत्रे

सगळ्या भूखंडांना सगळी प्रमाणपत्रे लागत नाहीत, आणि आपल्याला कोणती लागतील हे आधी ठरवले तर बराच काळ वाचतो. उंचीचा दाखला भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडून लागतो. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर आणि जुहू विमानतळाच्या आसपास तोच इमारतीचे मजले ठरवतो. दिलेली उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, जमिनीपासून नव्हे, आणि तिच्यात पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि वरचा अँटेनाही येतो. टेकडीवरच्या भूखंडाला त्यामुळे एखादा मजला कमी मिळतो. किनारा किंवा खाडीजवळच्या जागेला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध असतात, रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत रेल्वेचे ना-हरकत पत्र लागते, आणि वारसा यादीतील वास्तू किंवा परिसर असेल तर प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे जाऊ शकतो. बोरिवली, मुलुंड, भांडुपच्या डोंगराकडील बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र २०१६ मध्ये अधिसूचित झाले आहे. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर पर्यावरण मंजुरी. आपल्या उदाहरणातील भूखंडाला तिचा प्रश्न येत नाही. मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांची अट इमारतीची उंची आणि वापर पाहून ठरते, आणि ३२ मीटरच्या वर ती बरीच कडक होते.

झाडांकडे मात्र स्वतंत्र लक्ष द्यावे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय एकही झाड तोडता येत नाही, आणि जुन्या बंगल्याच्या आवारात आंबा, फणस, नारळ, अशोक मिळून पंधरा-वीस झाडे सहज निघतात. प्रत्येक झाडाची जात, घेर आणि उंची नोंदवून त्याला क्रमांक द्यावा, झाडांचा नकाशा इमारतीच्या नकाशावर ठेवून कोणते झाड राहते, कोणते पुनर्रोपित होते आणि कोणते तोडावेच लागते हे दाखवावे. झाडांवर नोटिसा लागतात, हरकती मागवल्या जातात आणि शेजारी हमखास हरकत घेतात. कुंपणालगतची झाडे राखून तळघर किंवा वाहनतळाची रेषा मीटरभर आत घेतली, तर हा सगळा वाद टळतो, आणि पुढे मोकळ्या जागेत लावायच्या झाडांचा हिशेबही भरून निघतो. बहुतेक वास्तुविशारद हे सांगितल्याशिवाय करत नाहीत; म्हणून सांगावे.

अर्ज, आयओडी आणि सीसी

आता प्रस्ताव ऑनलाइन दाखल होतो. नकाशे ठरावीक पद्धतीने रेखाटावे लागतात, कारण संगणक प्रणाली त्यांतील क्षेत्रफळे, उंची आणि मोकळ्या जागा स्वतः मोजते व त्रुटींचा अहवाल काढते. त्यानंतर दुय्यम अभियंता जागेची पाहणी करतो, आणि प्रस्ताव सहायक अभियंता, कार्यकारी अभियंता असा वर जातो. सवलती मागितल्या असतील तर त्यांचा स्वतंत्र अहवाल आयुक्तांपर्यंत पोहोचतो. पाहणीच्या दिवशी मालकाने हजर असावे, हद्दीच्या खुणा दिसत असाव्यात आणि जुन्या बांधकामाचे अधिकृतपण दाखवणारा कर आकारणीचा उतारा हाताशी असावा.

नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे समजले जाते. या तरतुदीचा आधार घेऊन काम सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. प्रस्ताव आराखडा आणि नियमावलीशी काटेकोरपणे जुळत असेल तरच ती लागू होते, आणि त्रुटी कळवली गेली की मुदतीचा वाद सुरू होतो. सवलत मागितलेल्या प्रस्तावाला तिचा उपयोग नाहीच. परवानगी नाकारली गेली तर त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. त्यासाठी नकाराची कारणे लेखी आणि मुद्देसूद मागून घ्यावीत. तोंडी नकारावर अपील होत नाही.

प्रस्ताव योग्य ठरला की छाननी शुल्क, विकास शुल्क, निरनिराळी अधिमूल्ये आणि अनामत रकमा यांची चलने निघतात, आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४६ खाली आयओडी (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल) मिळते; नाव नकाराचे असले तरी ती अटींसह दिलेली मंजुरी असते. आयओडी हाती आली म्हणून काम सुरू करता येत नाही. तिच्यात अटींची लांबलचक यादी असते आणि ती टप्प्यांत विभागलेली असते : सीसीपूर्वी (काम सुरू करण्याच्या प्रमाणपत्रापूर्वी, म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेटपूर्वी) पूर्ण करायच्या, पुढील सीसीपूर्वीच्या, भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीच्या. यादी मिळताच तिचा तक्ता करावा, प्रत्येक अटीसमोर कोणी, कोणत्या कार्यालयातून, कधीपर्यंत पूर्ण करायची ते लिहावे, आणि पूर्ततेच्या पावत्या त्याच क्रमाने लावाव्यात. पर्जन्य जलवाहिनी, मलनिस्सारण, जलअभियंता, घनकचरा, कीटकनाशक विभाग, प्रत्येकाचे काहीतरी असते. नोंदणीकृत हमीपत्रेही मागितली जातात. त्यांतील एक नेहमीचे म्हणजे, आपल्या मोकळ्या जागेत तूट असल्यामुळे उद्या शेजाऱ्याने तशीच तूट मागितली तर हरकत घेणार नाही, हे. सही करण्यापूर्वी वाचावे. ते पुढे सोसायटीवरही बंधनकारक राहते.

जुने घर पाडताना निघणारा राडारोडा कोठे जाणार याची योजना मंजूर करून घ्यावी लागते आणि तेथे टाकल्याच्या पावत्या जपाव्या लागतात. अटी पूर्ण झाल्या की जोत्यापर्यंतची सीसी मिळते. जोते झाल्यावर ते तपासून घ्यावे लागते : वास्तुविशारद मोजमापे सादर करतो, अभियंता जागेवर पडताळतो, आणि मंजूर नकाशाशी जुळले तरच वरच्या मजल्यांची सीसी मिळते. घाईत तपासणीआधीच वरचा स्लॅब टाकला, तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४-अ खाली काम थांबवण्याची नोटीस येऊ शकते. परवानगीची मुदत एक वर्षाची असते आणि एकेक वर्ष वाढवत एकूण तीन वर्षांपर्यंत नेता येते. तेवढ्यात जोतेही पूर्ण झाले नाही, तर नव्याने अर्ज करावा लागतो. सदनिका विकायच्या असतील आणि भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा व सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर जाहिरात करण्यापूर्वी महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी हवी.

काम चालू असताना बदल होतातच. भिंत अर्धा मीटर सरकवायची असो वा खिडकीच्या जागी दार करायचे असो, सुधारित नकाशे मंजूर करून घेतल्यावरच तो बदल प्रत्यक्षात करावा. “शेवटी एकदम नियमित करू” ही कंत्राटदाराची आवडती सूचना आहे, आणि भोगवटा प्रमाणपत्राविना वर्षानुवर्षे अडकलेल्या इमारतींचे मूळ बहुधा तिच्यातच असते. वरळीच्या कॅम्पा कोला आवारात मंजुरीपलीकडे चढवलेल्या मजल्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि रहिवाशांच्या बाजूने लागला नाही.

भोगवटा प्रमाणपत्र

काम पूर्ण झाल्यावर वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांचे पूर्णत्वाचे दाखले महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-अ खाली एका महिन्यात सादर करावे लागतात. त्यासोबत अग्निशमन विभागाचे अंतिम पत्र, लिफ्टचा परवाना, झाडे लावल्याचा अहवाल, ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था, आणि रस्तारेषेतील पट्टा स्वाधीन केल्याची पावती जोडली जाते. इमारतीचा एक भाग तयार असेल तर अंशतः भोगवटा प्रमाणपत्रही मिळते. ते मिळेपर्यंत कोणालाही राहायला पाठवू नये, स्वतःच्या कुटुंबालाही नाही. नियमित पाणीजोडणी त्यावरच अवलंबून असते, आणि विकत घेणाऱ्याला बँक कर्ज देताना पहिला प्रश्न त्याचाच विचारते.

प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन कामे उरतात आणि ती बहुतेक जण विसरतात. एक, आयओडीच्या वेळी आणि राडारोड्यासाठी भरलेल्या अनामत रकमा परत मागणे. त्यासाठी मूळ पावत्या लागतात आणि इमारत पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो. दोन, मंजूर नकाशांचा शेवटचा संच, आयओडी, सर्व सीसी, हमीपत्रे आणि संरचनेचे आराखडे यांच्या प्रमाणित प्रती इमारतीच्या सोसायटीकडे लेखी पोच घेऊन सुपूर्द करणे. सोसायटी अजून स्थापन झाली नसेल तर हा संच मालकाने स्वतःजवळ ठेवावा, आणि जमिनीचे हस्तांतरण होऊन मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव चढेपर्यंत वास्तुविशारदाच्या कार्यालयात एकुलती प्रत राहू देऊ नये.